खुर्ची बदलली, आता सरकारी खातं कुणाचं?

२० मार्च २०२० ला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला. २२ तारखेला जनता कर्फ्यू होता आणि संध्याकाळी इंदूरच्या राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी उसळली. २३ च्या रात्री भोपाळमध्ये शिवराजसिंह चौहानांनी शपथ घेतली, २५ पासून देशभर लॉकडाऊन लागला, आणि महिना संपायच्या आत इंदूरचे कलेक्टरही बदलले. मुख्यमंत्री नवे, कलेक्टर नवे, आणि रोगही नवा. त्या दिवसांत सुदामा नगरापासून परदेशीपुऱ्यापर्यंत अख्खं शहर फोनकडे डोळे लावून बसलं होतं. किराणा कधी मिळणार, दूध किती वाजेपर्यंत, कुठला मोहल्ला सील झाला, हे प्रशासनाच्या सोशल मीडियावरच्या खात्यांवरून कळायचं. आणि हुबेहूब तसेच दिसणारे खोटे आदेश व्हॉट्सॲपवर फिरायचे. खरं-खोटं पारखायला घरबसल्या एकच सोय होती: आदेश अधिकृत खात्यावर आहे का, ते बघायचं.

अशा आठवड्यात एखाद्या सरकारी खात्याचं नाव अचानक बदललं, किंवा त्याचा पासवर्ड बदली झालेल्या माणसाच्या फोनमध्ये राहून गेला, तर? मध्य प्रदेशात डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२३ या पाच वर्षांत मुख्यमंत्री तीनदा बदलले. इंदूरच्या नगर निगमाची मुदत २०२० च्या सुरुवातीला संपली, मग दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांचा कारभार चालला आणि जुलै २०२२ मध्ये निवडणूक झाली. दर वेळी खुर्चीबरोबर गाडी, बंगला, शिक्का, फायली रीतसर ताब्यात दिल्या जातात. लाखो लोक ज्याच्यावर विसंबतात ते खातं कसं दिलं-घेतलं जातं, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. ती व्हायला हवी, कारण ते खातं आपल्या पैशानं चालतं.

## खात्याच्या आत काय काय असतं

बाहेरून खातं ही एकच वस्तू दिसते. आत तसं नसतं. खातं उघडलं की कंपनी त्याला एक लांबलचक क्रमांक देते. तो आपल्याला सहसा दिसत नाही आणि कधी बदलत नाही. आपल्याला दिसतं ते हँडल, म्हणजे ॲटच्या खुणेपुढे लिहिलेलं नाव. हे नाव हवं तेव्हा बदलता येतं. फॉलोअर्स, जुन्या पोस्ट, लोकांनी खासगीत पाठवलेले मेसेज, ब्लॉक केलेल्यांची यादी, हे सगळं मात्र त्या क्रमांकाला चिकटलेलं असतं. नाव फक्त वरून लावलेलं असतं.

सगळे वाद इथून सुरू होतात. समजा एखाद्या पदाच्या नावानं खातं आहे आणि पाच वर्षांत त्याला दहा लाख फॉलोअर्स मिळाले. जाणाऱ्या माणसानं नाव बदलून स्वतःचं नाव लावलं, तर ते दहा लाख लोक काहीही न करता त्याच्यामागे जातात. येणाऱ्याला पदाचं नाव मिळतं, पण रिकामं. त्याहून वाईट म्हणजे नाव सुटलं की मधल्या वेळात ते तिसराच कुणी उचलू शकतो. मग पदाचं नाव भामट्याच्या हातात आणि लोक त्याच्यावर विश्वास ठेवून बसलेले.

## २०१४ मध्ये दिल्लीत हेच झालं होतं

लोकसभेचे निकाल १६ मे ला लागले, नव्या पंतप्रधानांचा शपथविधी २६ ला होता. मधल्या दिवसांत पंतप्रधान कार्यालयाच्या ट्विटर खात्याचं नाव ‘पीएमओ इंडिया’ होतं ते ‘पीएम इंडिया आर्काइव्ह’ झालं. आर्काइव्ह म्हणजे जुन्या नोंदींचा संग्रह. खातं जानेवारी २०१२ मध्ये सुरू झालेलं आणि तोवर त्याला बारा लाखांवर फॉलोअर्स जमलेले. नाव बदलताच ते सगळे नव्या नावामागे गेले. भाजपनं आक्षेप घेतला की ही देशाची मालमत्ता आहे, जाणाऱ्या कार्यालयाची नाही. मावळत्या कार्यालयाचं म्हणणं होतं की आधीच्या काळातली ट्विट्स जशीच्या तशी जपायला हवीत.

मला दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर वाटतात, आणि म्हणूनच हा प्रसंग समजून घेण्यासारखा आहे. खात्याचं नाव आणि फॉलोअर्स पदाचे. जुन्या पोस्ट या त्या काळाच्या सरकारी नोंदी. एकाच खात्यात असल्या तरी दोन्हींचे वारस वेगळे. शेवटी ट्विटरच्या मदतीनं तसाच तोडगा निघाला: नाव आणि फॉलोअर्स नव्या कार्यालयाकडे आले, जुनी ट्विट्स संग्रहाच्या खात्यात राहिली. हेच आधी ठरलेलं असतं, तर त्या दिवसांतली ओढाताण टळली असती.

जुलै २०१७ मध्ये राष्ट्रपती भवनात बदल झाला तेव्हा गोष्टी सुरळीत पार पडल्या. प्रणव मुखर्जी हे तेरावे राष्ट्रपती, म्हणून त्यांच्या काळातली ट्विट्स ‘पीओआय १३’ नावाच्या वेगळ्या खात्यात गेली आणि राष्ट्रपती भवनाचं खातं फॉलोअर्ससह रामनाथ कोविंदांच्या कार्यालयाकडे आलं. ही पद्धत त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत वापरली गेली होती. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या खात्याला ‘पोटस’ म्हणतात. ओबामांची ट्विट्स ‘पोटस ४४’ मध्ये जपली गेली आणि ‘पोटस’ कोऱ्या पानानं ट्रम्प यांच्याकडे आलं.

तिसरी एक साधी पद्धत आहे, ती म्हणजे काहीच न हलवणं. लंडनच्या दहा डाउनिंग स्ट्रीटचं, म्हणजे ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाचं खातं पंतप्रधान बदलले तरी पुढे चालूच राहतं; जुन्या पोस्टखाली नव्या पोस्ट येत जातात आणि ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार त्यांच्या प्रती वेगळ्या जपतं. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री यांच्यासाठी संग्रह वेगळा काढणं मला योग्य वाटतं, कारण तिथे प्रत्येक शब्दामागे एका सरकारची भूमिका असते. नगर निगम किंवा कलेक्टर कार्यालयासाठी मात्र ही लंडनची पद्धतच बरी. उद्या नर्मदेचं पाणी कुठल्या टाकीवरून येणार नाही, ही सूचना कुठल्या पक्षाची नसते.

## माणसाचं खातं वेगळं, खुर्चीचं वेगळं

इथे दोन मंत्र्यांचं उदाहरण घेतो. सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ रेल्वेमंत्री होते. धावत्या गाडीतून कुणी ट्विट करायचं, बाळाला दूध हवंय, डब्यात पाणी नाही, आणि पुढच्या स्टेशनवर माणूस हजर व्हायचा. लोक प्रभूंचं कौतुक करायचे, पण तक्रारी यायच्या त्या मोठ्या प्रमाणात रेल्वे मंत्रालयाच्या खात्यावर. त्यामुळे प्रभू गेले, पीयूष गोयल आले, पुढे २०२१ मध्ये अश्विनी वैष्णव आले, तरी प्रवाशानं तक्रार कुठे करायची हे बदललं नाही.

सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशात अडकलेली माणसं थेट त्यांच्या स्वतःच्या खात्यावर हाक मारायची, आणि त्या उत्तर द्यायच्या. त्यांच्या त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मे २०१९ मध्ये त्या मंत्रिपदावरून बाजूला झाल्या आणि एस. जयशंकर नव्या खात्यानिशी आले. पाच वर्षांत लोकांच्या बोटांना जो पत्ता पाठ झाला होता, तो एका दिवसात मंत्रालयाचा राहिला नाही. यात दोष कुणाचाच नाही. माणूस जितका जवळचा वाटतो, तितका लोकांचा ओढा त्याच्या नावाकडे जातो, खुर्चीकडे नाही. आणि नेमकी त्यामुळेच खुर्चीच्या खात्याची काळजी जास्त घ्यावी लागते.

आपल्या शहरातही हीच सरमिसळ आहे. एखाद्या मोठ्या शहराच्या महापौरांचं एक स्वतःचं खातं असतं, एक महापौर कार्यालयाचं, एक निगमाचं, शिवाय आयुक्तांचं. चारींवर तेच फोटो, त्याच रिबिनी. नागरिकाला कळायचं कसं, कुठलं खातं निवडणुकीनंतरही राहणार आणि कुठलं त्या माणसाबरोबर जाणार? ओळखायची एक सोपी खूण: खात्याच्या परिचयात पदाचं नाव आहे की व्यक्तीचं, आणि निगमाच्या वेबसाइटवर त्या खात्याचा दुवा आहे की नाही.

## ‘पण फॉलोअर्स तर त्यांनीच कमावले!’

हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. एखादा अधिकारी रात्री बारा वाजता उत्तरं देतो, एखादा महापौर रोज सकाळी वॉर्डातून लाइव्ह येतो. लोक त्यामुळे जोडले जातात हे खरंच आहे. पण पदाच्या खात्यासाठी फोटो काढणारा पगारी, व्हिडिओ कापणारी एजन्सी निगमाच्या बिलावर, आणि सांगितली जाणारी कामं करदात्याच्या पैशातली. त्या माणसाला लोकांशी नातं टिकवायचं असेल तर त्याचं स्वतःचं खातं आहेच. जाताना त्यानं पदाच्या खात्यावर जरूर लिहावं की मी पुढे इथे भेटेन. ज्यांना यायचं ते येतील.

पद आणि व्यक्ती यांच्यातली ही रेघ निवडणूक आयोग आधीच ओढतो. आचारसंहिता लागली की सरकारी वेबसाइटवरून मंत्र्यांचे फोटो काढावे लागतात. मार्च २०२४ मध्ये ‘विकसित भारत’चे सरकारी मेसेज लोकांच्या व्हॉट्सॲपवर आचारसंहितेनंतरही येत राहिले, तेव्हा आयोगानं माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला ते ताबडतोब थांबवायला सांगितलं. सरकारी माध्यमातून मिळालेली पोहोच व्यक्तीच्या किंवा पक्षाच्या कामी येऊ नये, एवढंच त्यामागचं तत्त्व. ते निवडणुकीच्या दीड-दोन महिन्यांपुरतं असावं आणि खुर्ची सोडताना विसरलं जावं, हे पटण्यासारखं नाही.

## ‘मी यांना फॉलो केलंच नव्हतं’

आता उलट बाजू. तुम्ही एका मुख्यमंत्र्यांच्या काळात त्या पदाचं खातं फॉलो केलंत. सरकार बदललं आणि एके सकाळी तुमच्या फोनवर दुसऱ्याच पक्षाचे नेते दिसायला लागले. राग येणं साहजिक आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत हा गोंधळ मोठा झाला: काही लोक, ज्यांनी नव्या राष्ट्राध्यक्षांचं खातं फॉलो केलंच नव्हतं, तेही तांत्रिक चुकीनं त्यांचे फॉलोअर झाले. ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी माफी मागितली आणि असे सुमारे ५,६०,००० लोक असल्याचं सांगितलं. मग २०२१ मध्ये ट्विटरनं धोरणच फिरवलं. बायडेन यांच्याकडे ‘पोटस’ आलं ते जुन्या फॉलोअर्सशिवाय. बायडेन यांच्या माणसांनी तक्रार केली की चार वर्षांपूर्वी ट्रम्प यांना फॉलोअर्स दिले, आम्हाला का नाही? २०२५ च्या जानेवारीत पुन्हा फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर लोक म्हणू लागले की आम्ही न विचारता ट्रम्प यांचे फॉलोअर झालो. कंपनीचं उत्तर होतं की ही खाती व्हाइट हाउसची आहेत, माणूस बदलला की मजकूर बदलतो.

या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, नियम कंपनीच्या मर्जीवर सोडला तर तो दर चार वर्षांनी बदलू शकतो, आणि ज्या सरकारनं स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही त्याला कंपनीचं ऐकावं लागतं. दुसरी, फॉलोअर्स पदाबरोबर जाणं योग्य असलं तरी लोकांना सांगणं तितकंच गरजेचं आहे. ‘आजपासून हे खाते नवीन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाकडे आहे, नको असल्यास अनफॉलो करा’, ही एक पोस्ट आठवडाभर वर चिकटवून ठेवली तरी पुरे.

## ‘जुनं पुसलं तर बिघडलं काय?’

बरंच बिघडतं. सरकारनं केव्हा काय कबूल केलं, कुठल्या तारखेला कुठला आदेश काढला, याचा तो पुरावा असतो. अमेरिकेत १९७८ चा राष्ट्राध्यक्षीय नोंदींचा कायदा वॉटरगेट प्रकरणानंतर आला. त्यानुसार अध्यक्षांची कागदपत्रं देशाच्या मालकीची, आणि तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार ट्विट्सनाही याच कायद्याखाली धरतं, अगदी पुसून टाकलेल्या ट्विट्सनाही.

आपल्याकडे १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे. ट्विटर तेव्हा नव्हतं, पण कायदा लिहिणाऱ्यांनी ‘संगणकानं किंवा इतर कुठल्याही उपकरणानं तयार केलेली सामग्री’ असे शब्द घालून ठेवले, ही दूरदृष्टी म्हणावी लागेल. नियमाबाहेर जाऊन अभिलेख नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फक्त हा कायदा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या संस्थांना लागू होतो. राज्यांनी आपापले कायदे करायचे असतात. महाराष्ट्राचा असा कायदा २००५ चा आहे. माहितीचा अधिकार मात्र सगळीकडे लागू आहे, आणि २००५ च्या त्या कायद्यातल्या ‘अभिलेख’ या व्याख्येतही संगणकावरची सामग्री येते. म्हणजे इंदूरच्या एखाद्या सरकारी खात्यावरची जुनी पोस्ट तुम्ही अर्ज करून मागू शकता. ती पुसलेली असेल तर कुणी आणि कुठल्या अधिकारात पुसली, हेही विचारू शकता.

## ज्यांचा विचार कुणी करत नाही

खात्याबरोबर आणखी दोन गोष्टी हात बदलतात. पहिली म्हणजे खासगी मेसेज. लोक सरकारी खात्याला काय काय लिहितात बघा: शेजारच्या गुंडाची तक्रार, विधवा पेन्शन अडलेल्या आजीचं आधार कार्ड, रुग्णाचा रिपोर्ट, घरचा पत्ता, फोन नंबर. हे त्यांनी कलेक्टर कार्यालयाला किंवा मंत्रालयाला विश्वासानं दिलेलं असतं. खातं नाव बदलून कुणाचं वैयक्तिक झालं, तर ही सगळी पेटीही त्याच्याकडे जाते. फॉलोअर्सच्या आकड्यावरून पेपरात बातम्या येतात, या मेसेजबद्दल क्वचितच कुणी बोलतं. माझ्या दृष्टीनं पदाचं खातं व्यक्तीनं सोबत नेऊ नये याचं सगळ्यात भक्कम कारण हेच आहे.

दुसरी म्हणजे ब्लॉकची यादी. आधीच्या साहेबांनी चिडून कुणा पत्रकाराला, कुणा कार्यकर्त्याला ब्लॉक केलेलं असतं. साहेब जातात, यादी राहते, आणि त्या माणसाला पाणीपुरवठ्याची सूचनाही नीट दिसत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२४ मध्ये पोर्ट ह्यूरन या छोट्या शहराच्या सिटी मॅनेजरच्या खटल्यात कसोटी सांगितली: अधिकाऱ्याला सरकारच्या वतीनं बोलण्याचा खराखुरा अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये तो तोच अधिकार वापरत होता का. दोन्हींचं उत्तर हो असेल, तर त्याचं ब्लॉक करणं ही सरकारची कृती धरली जाते. आपल्याकडे नव्या अधिकाऱ्यानं पहिल्या आठवड्यात ही यादी उघडून पाहिली, तरी बरीच माणसं परत जोडली जातील.

## ओटीपी कुणाच्या फोनवर येतो

तत्त्व ठरलं तरी प्रत्यक्षात अडतं ते इथे. इंदूरच्या कुठल्याही मराठी मंडळाची नवी कार्यकारिणी निवडून आली की मिनिट बुक, शिक्का, चेकबुक, गणपतीच्या मखराच्या खोलीची किल्ली, सगळं त्याच दिवशी मिळतं. मंडळाच्या फेसबुक पेजचं विचारलं की जुने सचिव म्हणतात, ते आमच्या पुतण्यानं बनवलं होतं, तो आता पुण्याला असतो. फेसबुक पेजला स्वतःचा पासवर्डच नसतो. ते कुणाच्या तरी खासगी प्रोफाइलवरून चालतं. त्या प्रोफाइलनं दुसऱ्याला ॲडमिन केलं नाही, तर पेज अडकलं.

सरकारी कार्यालयातही अडचण याच जातीची. खातं सुरू करताना कुणीतरी आपला मोबाइल नंबर टाकतो, बहुधा एजन्सीचा मुलगा किंवा त्या वेळचा पीए. नवे साहेब चार्ज घेतात, पासवर्डची चिठ्ठी मिळते, टाकतात, आणि ओटीपी जातो त्या मुलाच्या फोनवर, ज्याचं कंत्राट संपून वर्ष झालंय. ढिलाईचा दुसरा धोका चोरीचा. १२ जानेवारी २०२२ ला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचं ट्विटर खातं काही वेळ हॅकरच्या ताब्यात गेलं आणि त्यावर ‘एलॉन मस्क’ असं नाव झळकलं. ज्या मंत्रालयाचं कामच माहिती देणं, त्याच्या बाबतीत हे घडलं.

उपाय अवघड नाहीत. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागानं सरकारी कार्यालयांसाठी सोशल मीडियाची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्येच काढली. खाती कुणी सांभाळायची, नोंदी कशा ठेवायच्या, हे त्यात आहे. एनआयसी, म्हणजे सरकारी कार्यालयांची संगणक व्यवस्था सांभाळणारी केंद्राची संस्था, पदाच्या नावानं ई-मेल देते. खातं त्या ई-मेलवर आणि कार्यालयाच्या सिमवर उघडायचं, ॲडमिन निदान दोन नियमित कर्मचारी ठेवायचे, एजन्सीला फक्त पोस्ट करण्यापुरता अधिकार द्यायचा. आणि चार्जच्या यादीत, गाडीच्या आणि लॅपटॉपच्या ओळीखाली, खात्यांचीही एक ओळ घालायची: कुठली खाती, कुठला नंबर, ॲडमिन कोण, आजवरच्या पोस्टची प्रत कुठे ठेवली. जाणाऱ्याची सही, येणाऱ्याची सही.

## इंदूरला वेळ आहे

२०२२ मध्ये निवडून आलेल्या निगमाची पाच वर्षं २०२७ मध्ये भरतात. त्यानंतर महापौर तेच असोत की दुसरे, की मध्ये पुन्हा प्रशासक येवोत, खात्यांचा प्रश्न उभा राहणारच. कुणाच्या बाजूचं सरकार येणार हे ठाऊक नसताना केलेला नियमच सगळ्यांना मान्य होतो, म्हणून तो आत्ता व्हायला हवा.

नागरिक म्हणून करता येण्याजोगं एक काम आहे. निगमाच्या लोक सूचना अधिकाऱ्यांकडे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि विचारा: निगमाच्या, महापौर कार्यालयाच्या आणि आयुक्तांच्या नावानं कुठली अधिकृत खाती आहेत? ती कुठल्या पदाच्या ई-मेलवर नोंदवली आहेत? चालवणारी एजन्सी कोणती, तिचं कंत्राट कधीपर्यंत, आणि कंत्राट संपल्यावर खाती परत घेण्याची अट त्यात आहे का? २०२० पासूनच्या पोस्टची प्रत निगमाकडे आहे का? उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलं नाही, किंवा ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच आलं, तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करता येतं.